गुरुजींचं कुलूप

देवीलाल आडेच्या दुकानात तुम्ही जुना लॅपटॉप घेऊन गेलात, तर तो आधी तुम्हाला घरी परत पाठवतो. खरंच सांगतो! पुसदच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सवाल्याच्या बाजूला आठ बाय दहाची खोली, आत दोन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून लावणारा हा माणूस.

"घरी जा," तो म्हणतो. "बायकोले इचार, पोरायले इचार, म्हाताऱ्याले इचार, याच्यात कोणाचं काही ठेवलेलं हाय का. मंग ये."

गिऱ्हाईक भडकतं. लॅपटॉप माझा, पैसे माझे, मी सांगतो ना काही नाही म्हणून! पण देवीलाल ढिम्म हलत नाही. पूर्वी तो असा नव्हता. एकदा एका पाटलानं "काही नाही, करून टाक साफ" म्हटलं आणि यानं केलं. दुसऱ्या दिवशी त्या पाटलाची सून संगीता दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. ती आशा वर्कर. गावातल्या सगळ्या लहान लेकरांच्या वजनांची सहा महिन्यांची नोंद त्यात होती, सासऱ्याच्या गावीही नव्हतं. ती भांडली नाही की रडली नाही, नुसती बसून राहिली, आणि देवीलालला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हापासून घरातला कर्ता पुरुष काही बोलला की हा आधी संशय घेतो.

त्याचा धंदा म्हणजे जुन्या, धापा टाकणाऱ्या यंत्रांवर लिनक्स बसवून देणं. आता लिनक्स म्हणजे काय, तर विंडोज असतं ना, त्याच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था. फुकट मिळते, जुन्या यंत्राला झेपते, पण आपल्या भागात शंभरात दोघांनी नाव ऐकलेलं. तालुक्यात त्याला कोणी लिनक्स म्हणत नाही. "तुह्यात विंडोज हाय का देवीलालवालं?" असंच पोरं एकमेकांना विचारतात. देवीलालला हे ऐकून आतून गुदगुल्या होतात आणि वरून तो तोंड वाकडं करतो.

हे सगळं तो शिकला यवतमाळच्या एका कॉलेजात. प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी, नऊ वर्षं. भंगारात टाकलेले वीस संगणक त्यानं रिकाम्या वेळात एकेक करून उठवले, त्यातले सतरा चालू झाले. इंग्रजी वाचताना शब्दाशब्दाला अडायचा, पण वाचायचा. कंत्राट संपलं तेव्हा साहेबांनी नारळ आणि शाल दिली, आणि हा पुसदला येऊन स्वतःचं दुकान टाकून बसला. शाल अजून आहे, पावसाळ्यात यंत्रांवर झाकतो.

नव्या माणसाला शिकवण्याची त्याची रीत मोठी चिवट. आधी सगळ्या फायलींची नक्कल काढायची, आणि ती नक्कल उघडते का ते मालकानं स्वतः पाहायचं. मग चार दिवस पेनड्राइव्हवरूनच देवीलालवालं चालवून पाहायचं, आवडलं तर पुढं. आणि शेवटी यंत्र विचारतं ना, की जुनं सगळं पुसू का, त्या ठिकाणी देवीलाल बटणाला हात लावत नाही. मालकाला ती ओळ मोठ्यानं वाचायला लावतो, अर्थ विचारतो, आणि मगच म्हणतो, "दाब, तुह्या हातानं." बबलू नावाचा बारावीतला एक पोरगा ती ओळ वाचताना इतका घाबरला की लॅपटॉप बगलेत मारून पळून गेला. देवीलाल म्हणाला, "जाऊ द्या, समजून पळाला."

कोणाला लॅपटॉपला पक्कं कुलूप हवं असेल, म्हणजे चालू करतानाच सांकेतिक वाक्य विचारायचं आणि ते चुकलं तर आतली एक फाईलसुद्धा दिसायची नाही, तर तेही तो बसवून देतो. पण त्याला दोन अटी. पहिली, ते वाक्य कागदावर लिहून घरच्या पेटीत ठेवायचं. कागद लिहिल्याशिवाय हा पुढं जातच नाही. दुसरी, मालक ते वाक्य टाइप करत असताना देवीलाल खुर्चीवरून उठतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. नुसती मान वळवून नाही, अख्खा माणूस पाठमोरा. "तुमचं कुलूप मले कायले माहीत पाहिजे?" म्हणतो. लोक हसतात. पण ज्यांनी एकदा ते पाहिलं, ते पुढची दहा गिऱ्हाइकं घेऊन येतात.

असा हा माणूस. आयुष्यात एकाच माणसापुढं त्यानं आपल्या अटी सोडल्या, आणि तो कोण, तर धावजी गुरुजी.

धावजी गुरुजी म्हणजे देवीलालच्याच तांड्यातले, पुसदहून अठरा किलोमीटरवर. पहिली ते चौथी, चारही वर्ग एकाच खोलीत, आणि मास्तर एकटे. देवीलालला अक्षरओळख त्यांनीच दिली. आणि चौथीच्या परीक्षेत त्याच्या मुठीतली पाढ्याची चिठ्ठीही त्यांनीच पकडली. मारलं नाही. ती चिठ्ठी चिमटीत धरून तांड्यातल्या प्रत्येक घरापुढून चालत गेले, मागून मान खाली घातलेला देवीलाल, आणि शेवटी त्याच्या आईच्या हातात देऊन म्हणाले, "हे घे, तुह्या लेकाची अक्कल." बाप्पा! चाळिशी गाठली तरी ती आठवण झाली की देवीलालचे कान गरम होतात.

मागच्या दिवाळीनंतर गुरुजी दुकानात आले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेली, धोतर पांढरंशुभ्र, काखेत पुतण्यानं दिलेला जुना लॅपटॉप. म्हणाले, "देव्या, एक काम हाती घेतलं हाय. शाळेची जुनी खोली पाडून राह्यले. आत कपाटात पहिल्यापासूनचे दाखल-खारीज रजिस्टर हायेत, वाळवीनं खाऊन राह्यली. मी परवानगी काढली. पानं न् पानं फोटो काढतो."

आता हे रजिस्टर काय चीज आहे, ते सांगायला हवं. आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा पोरांना राखीव जागेवर कॉलेजात घ्यायचं तर जातीची व्हॅलिडिटी लागते, आणि व्हॅलिडिटीला लागतो एकसष्ट सालाच्या आधीचा पुरावा. तेव्हाची आमची म्हातारी माणसं बैलांवर माल लादून गावोगाव हिंडत होती, कशाचा पुरावा आणि कशाचं काय! असलाच तर एवढाच, की कोण्या आज्यानं दोन वर्षं शाळेची पायरी चढली आणि मास्तरनं रजिस्टरात त्याचं नाव, बापाचं नाव आणि जात लिहून ठेवली. सात तांड्यांच्या आज्यांची नावं त्या एका कपाटात होती.

"पण एक घोर हाय," गुरुजी म्हणाले. "खोटे दाखले बनवणारे दोन दलाल माह्या दाराशी येऊन बसून राह्यले. फोटो दे म्हणतात, पाहिजे तितकं देतो म्हणतात. त्यायच्या हाती ही नावं पडली तं आपल्या पोरायच्या खऱ्या दाखल्यावरही कोणी भरोसा ठेवणार नाही. कुलूप लाव मले. असं, की मी सोडून कोणाच्यानं उघडू नये. तुह्यानंही नाही."

देवीलालची छाती फुगली. गुरुजी आपल्याकडं शिकायला आले! त्यानं चार दिवस त्यांना समोर बसवून शिकवलं. गुरुजी वही आणायचे, समास आखून टिपणं घ्यायचे. कुलपाचं वाक्य निदान पाच शब्दांचं असावं, कोणाचं नाव-गाव त्यात नसावं, हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. शेवटी देवीलाल म्हणाला, "आता ते वाक्य एका कागदावर लिहा गुरुजी, अन् पेटीत ठेवून द्या."

गुरुजींनी चष्मा काढला. "चिठ्ठी?" ते म्हणाले. "देव्या, मले सांगतं तू? चिठ्ठी?"

झालं. चाळीस वर्षांचा, कपाळावरचे केस गेलेला देवीलाल एका क्षणात चौथीत जाऊन बसला. "नाही गुरुजी... म्हणजे, सारेच ठेवतात..." 

"सारे ठेवत असतील. मी साऱ्या जन्मात पोरायच्या मुठीतून चिठ्ठ्या काढल्या. आता माहीच चिठ्ठी करू? पाच शब्द ध्यानात राहणार नाहीत काय मले?" आणि मग हसून म्हणाले, "चल, तोंड फिरव."

देवीलाल उठला आणि भिंतीकडे वळला. मागं बटणांचा आवाज झाला, सावकाश, एकेक. त्यानं कागदाचा हट्ट धरला नाही. दुसरं कोणी असतं तर दुकानातून उठवलं असतं.

त्या हिवाळ्यात गुरुजींनी बावीस दिवस त्या पडक्या खोलीत बसून काम केलं. मोबाईलवर फोटो काढायचे, संध्याकाळी लॅपटॉपमध्ये घ्यायचे, आणि शाळा सुटल्यावर फळा पुसावा तसा मोबाईल पुसून टाकायचे. दर शनिवारी पेनड्राइव्हवर नक्कल, तिलाही तेच कुलूप. मूळ रजिस्टरांचे गठ्ठे बांधून तालुक्याच्या अभिलेख कक्षात जमा झाले, आणि कोणाचं नाव कोणत्या गठ्ठ्यात, कोणत्या पानावर, याची सगळी यादी गुरुजींनी लॅपटॉपवर स्वतः टाइप केली. तांड्यात सांगून ठेवलं, ज्याला लागेल त्यानं माझ्याकडं यावं, नंबर घेऊन जावा. मार्च-एप्रिलात चार-पाच पोरांना दिलेही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरुजी हातपंपाजवळ पडले. लकवा. यवतमाळला अठरा दिवस ठेवलं. परत आले तेव्हा उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. डाक्टर म्हणाले, बोलणं तर गेलंच, समजणंही गुंतलं आहे. "पाणी पाहिजे?" विचारलं तर मान हलवतात, "पाणी नको?" विचारलं तरी तशीच हलवतात. तोंडातून एकच आवाज निघतो, "आं". त्यांची बायको लालीबाई, जिला सारा तांडा याडी, म्हणजे आई म्हणतो, ती त्या एका आवाजाचे हजार अर्थ लावत बसलेली असते.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी ममता चव्हाण दुकानात आली. गुरुजींच्या घरापासून चौथं घर तिचं. आई शीला दुसऱ्याच्या कपाशीत तण निंदायला जाते. पोरगी हुशार, नर्सिंगच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला होता. येत्या सोमवारी पाच वाजेपर्यंत व्हॅलिडिटी दिली नाही तर राखीव जागा जाणार, आणि जात पडताळणी समितीनं सांगितलं होतं, आजोबाच्या शाळेच्या नोंदीचा उतारा आणा, बाकी कागद ठीक आहेत. आजोबा धनसिंग छप्पन्न साली दुसरीत होता, हे ममताला गुरुजींनीच सांगितलेलं. नंबर घ्यायला ये म्हणाले होते. ती बारावीच्या अभ्यासात होती, म्हटलं निकाल लागला की जाऊ.

"अभिलेख कक्षात तीनदा गेलते काका," ती म्हणाली. "तिथले बाबू चांगले हायेत. म्हणतात, गठ्ठा नंबर आण पोरी, चहा होईस्तोवर काढून देतो. नंबराविना हजारो गठ्ठे हायेत, साऱ्या शाळायचे एकमेकात मिसळलेले, कोणते कोणते सोडू?" तिनं पिशवीतून गुरुजींचा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "याडीनं दिला. तुमी उघडून द्या."

देवीलालनं लॅपटॉपला हातही लावला नाही. म्हणाला, "हा माह्यानं उघडत नाही, ममता."

"काहून? तुमीच तं बसवलं."

"बसवलं मी. चावी त्यायची हाय."

पोरीला वाटलं काका थट्टा करतात. तिनं हसून पाहिलं, मग हसू गेलं. संध्याकाळी तिची आई आली, कामावरून तशीच, हाताला गवताचा हिरवा रंग. शीला म्हणाली, "देवीभाऊ, आमच्या दाराचं कुलूप अडकलं तं लोहार तोडून देते. तू तोड. खराब झालं तं झालं."

"वहिनी, हे तोडलं तं आतलंही जाते. आत आता कागद नाहीतच, नुसता भुसा हाय. ते वाक्य टाकलं तरच त्याचे कागद होतात."

शीलाला ते पटलं नाही, आणि कसं पटावं? ज्यानं कुलूप बसवलं त्याच्याकडं दुसरी चावी असतेच, असं सारं जग मानतं. तांड्यात तर दोन दिवसांत बोलणं सुरू झालं, की देवीलालला पैसे पाहिजेत, की दलालांनी त्याला फोडलं. देवीलालच्या कानावर ते आलं. राग यायला हवा होता, पण त्याला तेवढीही ताकद राहिली नव्हती.

त्यानं काय केलं नाही! गुरुजींची टिपणांची वही आणवली, पानन् पान पाहिलं. "वाक्य पाच शब्दांचे असावे" असं सुंदर अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या, वाक्य कुठंच नव्हतं. मोबाईल तपासला, स्वच्छ. प्रार्थना टाकून पाहिली, बालवर्गाचे धडे टाकले, सेवालाल महाराजांची वचनं टाकली, गुरुजी वर्गात नेहमी म्हणायचे ती वाक्यं आठवून आठवून टाकली. मग लॅपटॉप आपल्या पेनड्राइव्हवरून चालू केला आणि एक छोटा प्रोग्राम लिहून यंत्रालाच अंदाज करायला बसवलं. शब्दांच्या जोड्या लावायच्या, टाकून पाहायच्या, दोन सेकंदाला एक. शनिवारपर्यंत दीड लाखाच्या वर झाले. पाच शब्दांच्या वाक्याला असे दीड लाख म्हणजे काहीच नाही, हे त्याच्याएवढं पुसदमध्ये कोणाला ठाऊक होतं? तरी पंखा यंत्राकडं वळवून तो समोर बसून राहिला. नवीन गिऱ्हाइकाला "सोमवारनंतर ये" म्हणायचा. बायकोनं डबा पाठवला, तो तसाच परत गेला.

रविवारी दुपारी त्यानं लॅपटॉप पिशवीत घातला, मोटारसायकल काढली आणि तांड्यावर गेला. आता उरले होते फक्त गुरुजी.

गुरुजी ओसरीत खाटेवर, पाठीला दोन उशा. दाढी वाढलेली. बाजूला लालीबाई, ममता, शीला. देवीलालनं खाटेवर पाट ठेवला, त्यावर लॅपटॉप, आणि चालू केला. काळ्या पडद्यावर ती एक पांढरी चौकट आली. आणि काय सांगू, गुरुजींचे डोळे एकदम जागे झाले! दोन महिन्यांत कशाकडं असं पाहिलं नव्हतं त्यांनी. डावा हात आपणहून उचलला आणि बटणांवर नेला. लालीबाईनं तोंडाला पदर लावला. ममता खाटेची कड घट्ट धरून उभी.

हात बटणांवर गेला आणि तिथंच थांबला. गुरुजींनी देवीलालकडं पाहिलं. मग तळवा उचलून हवेत फिरवला, एकदा, दोनदा.

"काय पाहिजे? पाणी?" लालीबाई म्हणाली. 

पण देवीलालला कळलं होतं. "आपण तोंड फिरवावं म्हणतात," तो म्हणाला.

"मी पाहते न काका," ममता कुजबुजली. "एखादं अक्षर चुकलं तं दुरुस्त करता येईल. तुमी फिरवा, मी पाहते."

गुरुजींनी हात मांडीवर ठेवून दिला. सगळे वळेपर्यंत तो उचलणार नव्हता, हे दिसतच होतं. बोलणं गेलं, नावं गेली, हो आणि नाही यातला भेद गेला, आणि देवीलालनं शिकवलेला एवढा एक धडा मात्र पक्का राहिला होता. ओसरीतली चारही माणसं भिंतीकडे वळली. शेणामातीनं सारवलेली भिंत, हातभर अंतरावर. मागं बटणांचा आवाज सुरू झाला. टक. टक. टक. मध्ये थांबायचे, जणू एक शब्द संपला, मग पुढं. लालीबाईचे ओठ हलत होते, ती काहीतरी पुटपुटत होती. आवाज थांबला. देवीलाल वळला. चूक.

"पुन्हा गुरुजी. घाई नका करू."

पुन्हा सगळे वळले. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा चूक. तीनदा चुकलं की यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, तेही केलं. ममताचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. उद्या पाच वाजेपर्यंत, उद्या पाच वाजेपर्यंत, एवढंच तिच्या डोक्यात चाललं असणार. पाचव्यांदा बटणं वाजायला लागली तेव्हा देवीलालच्यानं राहवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वळून पाहिलं.

गुरुजींचं एक बोट एकाच बटणावर होतं. तेच एक बटण ते दाबत होते, नीट, काळजीनं, एकेकदा. चार-पाच वेळा दाबून थांबायचे, पडद्याकडं बघायचे, समाधान झालं की पुन्हा तेच. आत काही शिल्लकच नव्हतं. चुकलेलं अक्षर नाही, विसरलेला शब्द नाही, काहीच नाही.

देवीलालनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. बटणांचा आवाज चालूच होता. शेवटी थांबला, आणि मागून "आं" आलं, वरच्या सुरात, वर्गात उत्तर बरोबर आलं की पोरगं हात वर करतं तसं. वळून पाहिलं तर गुरुजी त्याच्याकडंच बघत होते, अर्धा चेहरा हसरा. यावेळी जमलं असं त्यांना वाटत होतं. त्या चेहऱ्यापुढं "चूक" म्हणायला देवीलालची जीभ उचलेना. सहाव्यांदा, सातव्यांदा, विसाव्यांदा त्यांच्याकडून तेच करून घ्यायचं?

"जमलं गुरुजी," तो म्हणाला. "उघडलं."

ममता गर्रकन वळली. दोन ढांगांत खाटेजवळ आली, पडद्यावर वाकली. पांढरी चौकट जिथल्या तिथं होती. तिनं देवीलालकडं पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली. ती पोरगी थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली. मग तिनं खाली बसून गुरुजींच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सापडलं गुरुजी," ती म्हणाली. "धनसिंग चव्हाण. दुसरी." आवाज एकदाही फाटला नाही. अठरा वर्षांची पोरगी, कुठून आणलं तिनं ते बळ, देव जाणे. गुरुजींनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

देवीलालनं लॅपटॉप मिटला आणि बाहेर आला. मोटारसायकलजवळ उभा राहिला, पण किल्ली लावायचं सुचेना. मागून ममता आली.

"तुमी साऱ्यायले कागद लिहायले लावता न काका," ती म्हणाली. "आमच्या वर्गातल्या पोरायलेही लावला. यायलेच काहून नाही?"

"म्हटलं होतं."

"मंग?"

"ते गुरुजी होते ममता."

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या तर देवीलालला बरं वाटलं असतं. ओढणीनं तोंड पुसून ती रस्त्याकडं बघत राहिली. उद्याची सकाळची यवतमाळची बस आता धरायची की नाही, एवढंच कदाचित ती ठरवत होती.

तेवढ्यात लालीबाई ओसरीतून बाहेर आली. तिला वाचता येत नाही, पडद्यावर काय आहे ते तिला कधीच कळत नव्हतं. तिचा चेहरा नुसता फुलून गेला होता.

"हसला!" ती म्हणाली. "दोन महिन्यांत पहिल्यांदा हसला वं माय! अन् हातानं खुणा करून राह्यला, इकडची घरं दाखवते, तिकडची घरं दाखवते. म्हणते, उघडलं तं साऱ्या पोरायले बोलवा. सातही तांड्यात निरोप धाडा म्हणते, ज्यायले नंबर पाहिजे त्यायनं आताच या."

"याडी..." देवीलाल म्हणाला. त्यानं ममताकडं पाहिलं. ममतानं दुसरीकडं तोंड वळवलं.

"तू बस रे बाप्पा, चहा ठेवते, कुठी जाऊन राह्यला?" लालीबाई म्हणाली, आणि पदर कमरेला खोचून, पोरांना मोठमोठ्यानं हाका मारत पहिल्या घराकडं निघालीसुद्धा.